बिनतारी घरातली तार

आमच्या घरात सध्या मगरिबची नमाज झाली की माझे वडील बोलू लागतात. ते २००६ साली वारले. तरी पडवीत, माजघरात आणि भिंतीपलीकडे धाकट्या भावाच्या बिऱ्हाडात त्यांचा आवाज एकाच वेळी येतो. श्रोतेहो, घाबरू नका, ही भुताखेताची गोष्ट नाही. घरातल्या घरात बिनतारी पद्धतीने आवाज आणि चित्र खेळवण्याची सोय आता कुणालाही करता येते. ती आम्ही केली, त्याची ही हकिगत आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, शाळेत कारकुनी करणारा आणि कविता लिहिणारा माणूस. फ्यूजची तार बदलण्यापलीकडे विजेशी माझा संबंध नाही. पण जे मला समजलं ते तुम्हालाही समजेल, या भरवशावर बोलतो.

आमचं घर दापोली तालुक्यात, खाडीच्या काठी. आमच्या पट्ट्यातल्या मुसलमानांच्या घरात एक तरी माणूस आखातात असायचाच. आमचे बावा कुवेतला होते. वडिलांना आम्ही बावा म्हणतो आणि आईला मा. १९७८ ते १९९० अशी बारा वर्षं त्यांनी तिथल्या एका गॅरेजात गाड्यांना रंग मारला. शिक्षण चौथीपर्यंत. पत्र लिहायला बसले की चार ओळींत ‘सर्व खुशाल’ वर गाडी थांबायची. म्हणून ते कॅसेट पाठवत. गावातला कुणी सुट्टीवर निघाला की त्याच्या बॅगेत अत्तराच्या बाटल्या आणि दुधाच्या पावडरीचे डबे यांच्यामध्ये बावांची साठ मिनिटांची कॅसेट असे. एका बाजूला अर्धा तास, दुसऱ्या बाजूला अर्धा तास. ज्यांच्या घरी त्या काळात आखातातून पैसे येत होते, त्यांना हे नवीन सांगायला नको.

कॅसेट आली की माजघरात चटया पडायच्या. काकी, फुफू, शेजारची म्हातारी, सगळे गोल बसायचे. बावा आधी सलाम करायचे, मग एकेकाचं नाव घेऊन विचारपूस. नाव आलं की तो माणूस टेपरेकॉर्डरला उत्तर द्यायचा, जणू बावा आत बसलेत. दुसरी बाजू संपत आली की एक वाक्य ठरलेलं असे : ‘आता पोरांना बाहेर पाठव.’ मग मा आम्हा दोघा भावांना अंगणात पिटाळायची आणि बायकाही समजून उठायच्या. आम्ही विहिरीच्या कठड्यावर पाय हलवत बसायचो. पाच-सात मिनिटांनी मा दार उघडायची. आत काय बोलणं झालं ते आम्हाला कधी कळलं नाही.

आमची उत्तरंही कॅसेटवरच जायची. ती मात्र सगळी तिकडेच राहिली. २ ऑगस्ट १९९० ला इराकची फौज कुवेतमध्ये शिरली आणि टेलिफोन, पत्र, माणूस, सगळंच तुटलं. त्यानंतरच्या दोन महिन्यांत सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मुंबईला आणण्यात आलं, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. आमचे बावा आले ते सप्टेंबरच्या अखेरीस, एका पिशवीनिशी. मधल्या सात आठवड्यांत गाव बीबीसी हिंदीच्या बातम्यांना कान लावून बसलेलं असायचं. बातम्या संपल्या की मा रेडिओ बंद करून जुनी कॅसेट लावायची. रोज एक. माणूस जिवंत आहे की नाही ठाऊक नाही, आणि तो माजघरात सांगतोय, ‘गाईला पावसात बाहेर बांधू नका.’

आता घराविषयी. हे घर बावांनी १९८४ साली कुवेतमधून बांधलं. म्हणजे पैसे आणि सूचना दोन्ही तिथून. भिंत दीड फुटाची घाला, चिरा भाजका नको, घट्ट बघून घ्या, माजघराला ओल येता कामा नये, हे सगळं कॅसेटवर आहे. गवंडी स्वतः येऊन ऐकून जायचा. घर उत्तम झालं. बावांच्या पश्चात आम्ही भावांनी २००९ साली त्याच्या मधोमध आणखी एक भिंत घातली, तीही चिऱ्याचीच. भांडण कशावरून झालं ते सांगण्यासारखं नाही. हापूसचं एक कलम आणि विहिरीच्या पाण्याची पाळी, एवढं पुरे. त्यानंतर आम्ही बोललो नाही. ईदला गळाभेट होई, तीही मशिदीत, चारचौघांत. मा पंधरा दिवस माझ्याकडे, पंधरा दिवस त्याच्याकडे असे.

दीड वर्षापूर्वी मा न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, पण उठून चालणं संपलं. भावाच्या मागच्या खोलीला लागून न्हाणीघर आहे, म्हणून तिची खाट तिथे पडली आणि पंधरवड्याची पाळी संपली. मी मागच्या दाराने भेटायला जायचो. मी आत आलो की भाऊ पडवीत निघून जायचा. एकदा मा म्हणाली, “तुझ्या बावाच्या कॅसेटी आहेत ना तुझ्याकडे? लाव की एखादी.”

कॅसेटी माझ्याकडेच होत्या, बावांच्या लोखंडी ट्रंकेत. पण टेपरेकॉर्डर उघडला तर आतल्या रबरी पट्ट्यांचं डांबर झालेलं. मी पुण्याला मुलीला फोन केला. ती तिथे संगणकाच्या नोकरीत आहे. तिने जुन्या बाजारातून एक वापरलेला कॅसेट डेक पैदा केला, एक कॅसेट मोबाईलमध्ये उतरवून घेतली आणि एक छोटा ब्लूटूथ स्पीकर घेऊन आली. माच्या उशाशी लावला. मा दोन मिनिटं ऐकत राहिली आणि म्हणाली, “बंद कर. पत्र काय एकटीने ऐकतात होय?”

ब्लूटूथ साधारण दहा मीटरच्या आतला सोबती आहे. एक मोबाईल, एक स्पीकर, मध्ये भिंत आली की तोही रुसतो. माला हवं होतं ते वेगळं. तिच्या खोलीत लागलेलं माजघरात ऐकू यायला हवं, पडवीत भावाला, अलीकडे मला आणि माझ्या बायकोला. पूर्वी एका टेपरेकॉर्डरवर हे आपोआप व्हायचं, कारण घर एक होतं.

मुलीने आणि माझ्या पुतण्याने हे काम अंगावर घेतलं. पुतण्या आयटीआय झालेला. बापांचं बोलणं बंद असलं तरी पोरांचं मोबाईलवर रोज चालू होतं, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी मला पहिली गोष्ट समजावली ती ही, की याला इंटरनेट लागत नाही. मी समजत होतो की वाय-फाय म्हणजे इंटरनेट. तसं नाही. घरातला राऊटर ही घरातली पोस्टपेटी आहे. बाहेरची फायबरची तार तुटली तरी घरातल्या घरात टपाल वाटप चालू राहतं. कॅसेटी एका ठिकाणी साठवायच्या, तिथून राऊटरमार्फत त्या घरभर वाहायच्या. वाहायच्या म्हणजे पूर्ण फाईल आधी पोचवायची नाही, नळाच्या पाण्यासारखी धार सोडायची. ऐकणारा हवं तेवढं घेतो, उरलेलं मागून येत राहतं.

साठवण्यासाठी त्यांनी रास्पबेरी पाय नावाचा संगणक आणला. पत्त्यांच्या कॅटएवढी हिरवी पाटी. ब्रिटनमधल्या एका संस्थेने मुलांना संगणक शिकता यावा म्हणून तो २०१२ साली बाजारात आणला. मोबाईलसारख्या चार्जरवर चालतो, वीज नगण्य खातो, आणि इन्व्हर्टरवर ठेवला की आमच्याकडच्या पावसाळी वीजपुरवठ्यातही तग धरतो. राऊटरही इन्व्हर्टरवर घ्यायचा, हे मात्र विसरू नका. आम्ही विसरलो होतो. पहिल्याच संध्याकाळी वीज गेली, संगणक जागा आणि पोस्टपेटी झोपलेली.

कॅसेटी उतरवायचं काम माझ्याकडे आलं. तेवीस कॅसेटी, तेवीस तास. इथे घाई चालत नाही, एक तासाची कॅसेट एक तासच घेते. आधी कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून डेकचं हेड पुसायचं. काही कॅसेटींमधला नमद्याचा बारीक तुकडा, जो फीत हेडवर दाबून धरतो, तो गळून पडला होता. तो दुसऱ्या कोऱ्या कॅसेटीतून काढून बसवला. हेडच्या बाजूला एक चिमुकला स्क्रू असतो. तो केसभर फिरवला की घुसमटलेला आवाज मोकळा होतो, तोंडावरचा रुमाल काढल्यासारखा. डेकमधून संगणकात आणि तिथे ऑडॅसिटी नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये आवाज निळ्या रेघांच्या रूपात पडद्यावर उमटत जातो. मोजमाप सांगायचं तर असा एकेरी आवाज पूर्ण दर्जात ठेवला तर तासाला सव्वातीनशे एमबीच्या आसपास जागा लागते. सगळा बावा सात जीबीत मावला. नखाएवढ्या कार्डावर अशी चार-पाच आयुष्यं बसतील.

जुन्या फितीची एक गंमत ऐका. फीत वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर अंधुक उमटतो. त्यामुळे बावांनी सलाम करण्याआधी क्षणभर, फार दूरून, त्यांचाच सलाम ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी हेडफोन काढून मागे वळून पाहिलं होतं.

मुलीने हौसेने एका कॅसेटवरची खरखर प्रोग्रामने पुसून टाकली. आवाज स्वच्छ झाला, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. माला मोबाईलवर ऐकवला तर ती म्हणाली, “हा नाही तो. तो बोलायचा तेव्हा मागे काहीतरी घरघरायचं.” ती बावांच्या खोलीतल्या वातानुकूलन यंत्राची घरघर. आम्ही सगळी खरखर परत जागेवर आणली. तुम्ही घरातल्या कॅसेटी उतरवणार असाल तर मूळ फाईल जशीच्या तशी ठेवा. साफसफाई करायचीच तर तिच्या नकलेवर करा.

आता एक कबुली. कॅसेटीच्या पाठीवर दोन छोट्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. बावा त्या मोडूनच पाठवत. पण मोडलेल्या खाचांवर चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा कोरी समजली जाते. १९८८ साली तालुक्याच्या कविसंमेलनाच्या तयारीसाठी मी हा उद्योग केला होता. त्या कॅसेटवर आता बावांच्या जागी मी आहे, एकोणीस वर्षांचा, एकच कविता सहा वेळा म्हणणारा. भाऊ तेव्हापासून म्हणत आला की भाईने बावांचं पत्र पुसलं. मी ते नाकारत आलो. कॅसेट शेवटपर्यंत चालू दिली तेव्हा माझ्या सहाव्या आवृत्तीनंतर, अर्ध्या वाक्यात, बावा सुरू झाले. चार मिनिटं उरली होती. ती चार मिनिटं मी कविता न कापता तशीच ठेवली आहेत. भावाचं म्हणणं खरं होतं, याचा पुरावा घरात असावा.

आणि मग ते वाक्य आलं. ‘आता पोरांना बाहेर पाठव.’ रात्रीचे साडेअकरा, बायको झोपलेली, मी एकटा. छप्पन्न वर्षांचा माणूस, पण हात आपोआप हेडफोनकडे गेला आणि मी तो काढून ठेवला. ध्वनिमुद्रण चालू ठेवलं आणि निळी रेघ नुसती बघत राहिलो. ती हलत होती, थांबत होती. एके ठिकाणी बराच वेळ सपाट होती. तेवीसपैकी नऊ कॅसेटींवर असा भाग निघाला. मी एकही ऐकलेला नाही.

मुलीला विचारलं तेव्हा तिने धोका दाखवून दिला. घरच्या यंत्रणेत सामायिक फोल्डर असतो. त्यात टाकलेली प्रत्येक गोष्ट त्या वाय-फायवरच्या प्रत्येक मोबाईलला आणि टीव्हीला दिसते. भावाची नातवंडं दिवसभर मोबाईल घेऊन लोळत असतात. सगळ्या घराला ऐकवण्याची सोय म्हणजे सगळ्या घराला ऐकवण्याची सोय, त्यात दार लावता येत नाही. लावता येतं म्हणे, पासवर्ड घालून, पण घरातल्या पोरांपासून पासवर्ड कितीसा टिकतो! म्हणून ते नऊ तुकडे आम्ही ‘बाहेर पाठव’ या वाक्यानंतर कापले आणि यंत्रणेत ठेवलेच नाहीत. पुतण्याने एक साधा, मोठ्या बटणाचा, तारेच्या हेडफोनचा प्लेअर आणला. त्याला वाय-फाय नाही, ब्लूटूथ नाही. ते तुकडे फक्त त्यात.

इकडे लहरींचा खेळ अडला होता. राऊटर माझ्या ओटीवर, माची खाट घराच्या दुसऱ्या टोकाला. वाय-फायच्या लहरी दोन जातींच्या. २.४ गिगाहर्ट्झवाल्या सव्वाशे मिलिमीटर लांबीच्या, जरा दूर जाणाऱ्या, भिंतीतून वाट काढणाऱ्या. ५ गिगाहर्ट्झवाल्या त्याच्या निम्म्या लांबीच्या, वेगवान, पण भिंतीपुढे हात टेकणाऱ्या. यातला पहिला पट्टा आपल्या सरकारने २००५ साली परवानामुक्त केला. माझ्या लहानपणी आमच्या मर्फी रेडिओचं परवान्याचं पुस्तक होतं, पोस्टात पैसे भरून त्यावर शिक्का घ्यावा लागे. तेव्हा नुसतं ऐकायला परवाना लागायचा. आता घरातल्या घरात प्रक्षेपण केंद्र काढा, कुणी विचारत नाही.

पण भिंत विचारते. या लहरी पाण्यात मुरतात. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह याच सुमाराच्या लहरींवर अन्न गरम करतो, आणि आमच्याकडे तो लावला की गाणं अडखळायचं. जांभा चिरा सच्छिद्र, कोकणातला पाऊस त्यात मुरलेला. त्यात २०२० च्या निसर्ग वादळात माझ्या बाजूची कौलं उडाली, तिथे मी लोखंडी पत्रे घातले. पत्रा लहरी परत फेकतो. पुतण्याने मोबाईलवर मोजून दाखवलं. राऊटरजवळ उणे चाळीस, माजघरात उणे बासष्ट, वाटणीच्या भिंतीपलीकडे एकदम उणे अठ्ठ्याहत्तर, माच्या उशाशी उणे अठ्ठ्याऐंशी. उणे सत्तरच्या पलीकडे आकडा गेला की चित्र अडखळतं, पुढे आवाजही तुटतो. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली होती, हे मी पोरांना सांगितलं. पुतण्या म्हणाला, “चाचा, त्या भिंती आपल्या बावांनी नव्हत्या बांधल्या.”

रिपीटर लावून पाहिला. तो आधी ऐकतो आणि मग तेच पुढे सांगतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. शिवाय त्याला स्वतःला नीट ऐकू यायला हवं. बहिऱ्याला निरोप्या नेमल्यासारखं झालं. एकच उपाय उरला. राऊटरपासून केबल ओढायची, ती वाटणीच्या भिंतीतून पलीकडे न्यायची आणि तिच्या टोकाला दुसरा वाय-फायचा डबा बसवायचा. ही नेटवर्कची केबल शंभर मीटरपर्यंत चालते, आम्हाला चौदा मीटर पुरत होती. म्हणजे बिनतारी घर करायला शेवटी तारच हवी, आणि तारेसाठी भिंतीला भोक हवं. भिंत दोघांची. भोक पाडायचं तर विचारायला हवं.

पुतण्या म्हणाला, मी अब्बांना सांगतो. मी म्हटलं, नको. मी पुढच्या दाराने गेलो, सोळा वर्षांनी. भाऊ पडवीत जाळं विणत बसला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. केबल, डबा, भोक, मा. सांगताना चुकून उणे अठ्ठ्याऐंशीही सांगून टाकलं. त्याने मान वर केली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, “खालून पाड. वरून पाडलंस तर पागोळीचं पाणी उतरेल. आणि तिरकं पाड, तुझ्याकडे उतार दे.” एवढंच. मी तुझ्याकडे उतार देण्याचा विचार करत परत आलो. ओल आली तर माझ्या बाजूला येईल, हा त्याचा हिशेब होता आणि तो चूक नव्हता. मी मान्य केलं.

दीड फुटाच्या चिऱ्यात भोक पाडायला ड्रिलला पाऊण तास लागला. पोरांनी अलीकडून पाडलं, शेवटचे चार बोट भावाने पलीकडून छिन्नीने मोकळे केले. केबलीभोवती सिमेंट त्यानेच भरलं.

आता एक अडचण सांगतो, जी तुम्हालाही येईल. घरात चार स्पीकर असले तर ते चार वेगवेगळ्या क्षणी बोलतात. नळाची धार म्हटलं ना, प्रत्येक जण आधी थोडं पाणी साठवतो आणि मग पितो. कुणी कमी साठवतो, कुणी जास्त. बावा पडवीत ‘सलाम’ म्हणायचे आणि माजघरात तोवर ‘आलेकुम’ झालेलं असायचं. आकाशवाणीचं तर त्याहून वाईट. मोबाईलच्या ॲपवरच्या बातम्या ट्रान्झिस्टरच्या मागे असतात, कधी कधी चांगल्या अर्ध्या मिनिटाने. मा अजून घड्याळ रेडिओच्या टोल्यांवर लावायला सांगते. ॲपच्या टोल्यांवर लावलंत तर घड्याळ मागे पडेल, तेव्हा वेळेपुरता साधा ट्रान्झिस्टर जवळ असू द्या. निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक आठवडे वीज नव्हती, टॉवर झोपले होते, तेव्हा बाहेरच्या जगाचा आवाज त्यानेच आणला.

चार स्पीकर एका सुरात आणायला मुलीने स्नॅपकास्ट नावाचा प्रोग्राम घातला. तो आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर वेळेचा शिक्का मारतो. स्पीकरांनी साठा करावा, पण बोलायचं ते शिक्क्यावरची वेळ झाली की, सगळ्यांनी मिळून. जमातीच्या नमाजेसारखं. एवढं झालं आणि घरभर एकच आवाज उभा राहिला. चित्रांसाठी वेगळा प्रोग्राम आहे, भावाच्या लग्नाची व्हीएचएस आम्ही त्यावर टाकली आहे. बुरशीने अर्धी खाल्लेली, पण बावा तीत पान खाताना दिसतात. मा ती फारशी बघत नाही. म्हणते, यात तो माझ्याशी बोलत नाही.

पहिल्या संध्याकाळी मोजून सगळे हजर होते. मी माझ्या माजघरात मोबाईल हातात धरून बसलो, पण मुलगी म्हणाली, “तुमच्या हातात राहायची गरज नाही, ते चालू राहतं, दादीजवळ जा.” मी मागच्या दाराने गेलो. माच्या खोलीत चटई घातलेली. भाऊ उंबऱ्याला टेकून बसला होता. या वेळी उठून गेला नाही. कॅसेट १९८४ सालची होती, घराच्या पायाभरणीची. बावांनी सलाम केला, माने खाटेवरून उत्तर दिलं. एकेकाचं नाव आलं. त्यातली निम्मी माणसं आता कबरस्तानात आहेत. मा त्यांच्या वतीनेही ‘हो’ म्हणत होती. माझं नाव आलं, अभ्यास कर. भावाचं आलं, विहिरीवर वाकू नको. मग भिंतीचा हिशेब, दीड फूट, चिरा घट्ट. भाऊ आणि मी दोघेही जमिनीकडे बघत होतो.

एक बाजू संपली. खट्ट असा बटण दाबल्याचा आवाज आला, तोही कुवेतमधला. मा म्हणाली, “उलटी कर.” संगणकात उलटी बाजू नसते. पुतण्याने मोबाईलवर बोट टेकलं आणि दुसरी फाईल लावली.

दुसरी बाजू संपत आली तसा माचा चेहरा मी बघत होतो. तिला ठाऊक होतं. मलाही. बावा म्हणाले, “आता पोरांना बाहेर पाठव,” आणि चारही स्पीकर गप्प झाले. सुनेने तो मोठ्या बटणाचा प्लेअर पुढे केला, माच्या कानांवर हेडफोन नीट बसवला आणि स्वतः बाजूला झाली. माने बटणावर अंगठा ठेवला. दाबला नाही. आमच्या दोघांकडे बघत म्हणाली, “गेला नाहीत अजून? जा रे.”

आम्ही उठलो. भाऊ पुढे, मी मागे, अंगणात आलो. काळोख पडला होता. विहिरीपाशी जाऊन उभे राहिलो. कठड्यावर बसावं असं दोघांच्याही मनात आलं असावं, पण गुडघे आता तसे वळत नाहीत. भावाने कठड्याच्या एका चिऱ्यावर पाय ठेवून तो हलवून पाहिला.

“हा सुटलाय,” तो म्हणाला. “पावसाआधी बसवायला हवा.”

मी म्हटलं, “सिमेंट उरलंय ना तुझ्याकडे?”

“आहे अर्धं पोतं.”

खोलीतला दिवा चालू होता. दार अजून उघडलं नव्हतं.